दुसऱ्या मजल्यावरचा थांबा

आमच्या सासऱ्यांवर रागवावं असं त्यांच्यात काही नव्हतं, आणि मला राग यायचा तो त्याचाच. दूध उतू गेलं तरी "जाऊ दे, भांडं तर शाबूत आहे" म्हणणाऱ्या माणसाबरोबर एका घरात राहून बघा, म्हणजे कळेल. मी चिडकी आहे. माझी आई म्हणते, ही जन्मली तीच कपाळाला आठी घालून. नवरा ट्रकवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. सासरे हे असे. त्यामुळे घरात चिडण्याचं सगळं काम माझ्या एकटीच्या अंगावर पडलं होतं.

बाबा, म्हणजे हे सासरे, हॉस्पिटलात लिफ्ट चालवायचे. त्यात चालवायचं काय, बटण तर कोणीही दाबतं, असं मला लग्नाआधी वाटायचं. पण ती लिफ्ट जुनी होती. स्ट्रेचर आडवं मावेल एवढी लांब, आतून फिकट हिरव्या पत्र्याची, दाराला चेहऱ्याच्या उंचीवर काचेची एक उभी पट्टी. बटणांच्या फळीखाली बाबांचं स्टूल, आणि स्टुलावर जुन्या चादरीची घडी. ती घडी मी घातलेली. मी त्याच हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात, तळमजल्यावर, शिलाई मशीनवर बसायचे. फाटक्या चादरींना ठिगळं लावायची, अभ्रे शिवायचे, गाउनच्या सुटलेल्या नाड्या टाचायच्या, आणि धुतलेल्या कपड्यांची ढकलगाडी घेऊन प्रत्येक मजल्यावर फिरायचं. म्हणजे घरीही सासरे आणि कामावरही सासरे.

त्यांची एक खोड होती. लिफ्ट वर जाताना दुसऱ्या मजल्याचा दिवा लागलेला असो वा नसो, ते तिथे थांबायचे. दार उघडायचं. बाहेर लांबलचक कॉरिडॉर, फिनेलचा वास, भिंतीला टेकलेली चाकाची खुर्ची, आणि माणूस एकही नाही. बाबा शांतपणे बघत बसायचे. दार मिटायचं बटण त्यांच्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर होतं, पण ते त्याला हात लावत नसत. दाराला स्वतःहून मिटायला जेवढा वेळ लागायचा तेवढा ते लागू द्यायचे. मग लिफ्ट पुढे.

आत उभ्या असलेल्या माणसांचे जीव वरखाली व्हायचे. मी ढकलगाडीच्या दांड्यावर बोटं वाजवायचे. एकदा हाडांच्या डॉक्टरांनी विचारलंच, "काका, कोण आहे तिथे?"

"कोणी नाही," बाबा म्हणाले.

"मग थांबलात कशाला? दिवाही नाही लागलेला."

"येत असेल कोणी धावत. धावणाऱ्याचा हात बटणापर्यंत पोचलेला नसतो ना साहेब. तो अजून लांब असतो."

डॉक्टर हसले, आणि त्यांनीच बाबांचं नाव 'थांबाकाका' ठेवलं. ते नाव चिकटलं. सगळं हॉस्पिटल त्यांना थांबाकाका म्हणायचं. काही जण प्रेमाने म्हणायचे, काही जण दात खात.

त्यांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे 'तो आहे ना' हे वाक्य. कोणाचा रिपोर्ट वाईट आलेला असो, कोणाची मुलगी घर सोडून गेलेली असो, बाबा ऐकून घ्यायचे आणि हळूच म्हणायचे, "तो आहे ना." म्हणताना अंगठा वरती करायचे. पाचव्या मजल्यावर ऑफिस होतं. झाडणारी बाई एकदा म्हणाली, "कोण, पाचव्यावरचे मोठे साहेब? ते तर रजेवर आहेत, काका." बाबा म्हणाले, "मग त्यांच्याही वरचा. तो रजा घेत नाही." ती बाई पुढे महिनाभर हे सगळ्यांना सांगत सुटली.

लोकांचा समज असा की दुसऱ्या मजल्यावरचं बाहेरचं बटण पूर्वी बरीच वर्षं बिघडलेलं होतं, तेव्हाची सवय काकांना लागली ती गेली नाही. बटण बिघडलेलं होतं हे खरं आहे. पण खरं कारण घरच्यांनाच ठाऊक होतं, आणि मला ते लग्नानंतर पहिल्याच वर्षी बाबांनी भाजी निवडता निवडता सांगितलं.

सासूबाईंना मी पाहिलं नाही. त्या गेल्या तेव्हा माझा नवरा शाळेत होता आणि बाबा पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात होते. कारखान्यात निरोप आला की बायकोचं काही खरं नाही, निघा. बाबा तसेच अंगावरच्या खळीच्या डागांसकट पळत आले. तळमजल्यावर लिफ्ट नुकतीच वर गेलेली. त्यांनी जिना धरला. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचले आणि दम संपला. कॉरिडॉरच्या टोकाला भिंत धरून उभे राहिले. सासूबाई तिसऱ्यावर होत्या. तेवढ्यात समोर लिफ्ट थांबली आणि दार उघडलं. बाबांनी बटण दाबलं नव्हतं, लिफ्टपर्यंत ते पोचलेच नव्हते. आतून कोणी उतरलं नाही. दार मात्र उघडं राहिलं, बाबा कसेबसे आत शिरले, आणि वर पोचले.

"बोलणं झालं का?" मी विचारलं.

"झालं की. म्हणाली, किती घामाघूम झालात, बसा. कपाटाची किल्ली साखरेच्या डब्यात आहे म्हणाली." बाबांनी एक जून पान बाजूला टाकलं. "मग डोळे मिटले."

एवढंच. तेवढ्यावर या माणसानं पुढचं सगळं आयुष्य काढलं. नंतर त्यांनी त्या वेळच्या लिफ्टवाल्याला गाठून विचारलं की बाबा रे, तू का थांबलास. तो म्हणाला, मी कुठे थांबलो, जुनी झालीय, मधेच कुठेही थांबते.

"म्हणजे लिफ्ट बिघडलेली होती," मी म्हटलं.

"हो," बाबा म्हणाले. "बरं झालं बिघडलेली होती."

अशा माणसाशी वाद काय घालणार? तो लिफ्टवाला निवृत्त झाला तेव्हा बाबांनी कारखाना सोडून ती जागा धरली. पगार कमीच मिळाला. लिफ्ट तोपर्यंत दुरुस्त झाली होती, आपणहून मधे थांबेनाशी झाली होती. तेव्हा बाबा तिला थांबवू लागले.

मला त्यांचं वागणं भाबडं वाटायचं, पण टोचायचं नाही. टोचायला लागलं ते माझं पहिलं बाळ पोटातच गेलं तेव्हापासून. ते लवकर गेलं. लोक म्हणाले, होतं असं. दुसऱ्या वेळी सहावा महिना लागला होता. मी मऊ झालेल्या जुन्या चादरी बाजूला काढून दुपटी शिवून ठेवली होती. ते बाळही राहिलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या बाळंतपणाच्या वॉर्डातून मला चाकाच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. बाबांनी तळमजल्याचं बटण दाबलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, तो आहे ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"असेल तर त्याला सांगा, माझ्या वाटेला जाऊ नकोस म्हणावं," मी म्हटलं. "आणि बाबा, हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर काढायचं नाही. लोकांना काय सांगायचं ते सांगा. मला नाही."

"बरं," ते म्हणाले.

आणि खरंच नाही काढलं. भांडले असते तर बरं वाटलं असतं. पुढे मला तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हाही ते काही म्हणाले नाहीत. फक्त मी ढकलगाडी घेऊन लिफ्टमध्ये आले की स्टुलावरून उठायचे आणि मला बसवायचे. म्हातारा माणूस उभा, सून बसलेली. लोक बघायचे. मी नको म्हटलं तर म्हणायचे, "माझे पाय आखडतात बसून." धडधडीत खोटं. त्यांचे पाय उभं राहून सुजायचे, रात्री मीच त्यांना गरम पाण्याची बादली द्यायचे.

सातवा महिना लागला आणि मी मनाला थोडी ढील दिली. दुपटी मात्र या वेळी शिवली नव्हती. भीतीच वाटायची. त्या दिवशी दुपारी, पाळी बदलायच्या सुमारास, मी मशीनवर एका अभ्र्याची शिवण घालत होते आणि कमरेतून कळ आली. पहिल्यांदा वाटलं, बसून बसून अवघडले असेन. दुसरी कळ आली तेव्हा अभ्रा सुईखाली तसाच राहिला आणि मी जमिनीवर बसले. धुलाईखान्यातल्या बायकांनी धावाधाव केली. तळमजल्यावरच्या सिस्टरनी मला स्ट्रेचरवर घेतलं, आणि बाळ इतकं लवकर येतंय म्हणून दुसऱ्या मजल्यावर लहान मुलांच्या वॉर्डात फोन लावला. मी ऐकलं. "डॉक्टरबाई, लगेच चौथ्यावर या. हो, निघा."

या डॉक्टरबाई अंगानं स्थूल आणि गुडघ्यांनी अधू. सगळ्या हॉस्पिटलला माहीत होतं की त्या जिना चढत नाहीत. थांबाकाकांच्या लिफ्टचं कौतुक करणाऱ्या ज्या थोड्या होत्या, त्यांतल्या या एक.

मला लिफ्टमध्ये घेतलं. बाबांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्यांना इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चौथ्याचं बटण दाबलं आणि फळीकडे पाठ करून स्ट्रेचरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मला दुखत होतं, तरी मला दिसलं. दाराच्या काचेत पहिल्या मजल्याचा उजेड वरून खाली सरकला. मग दुसऱ्याचा. दुसऱ्याच्या उजेडात कॉरिडॉरच्या लांबच्या टोकाकडून एक पांढरा कोट येताना दिसला, आणि वर केलेला हात. तो हातही खाली सरकून गेला.

लिफ्ट थांबली नाही.

चौथ्यावर दार उघडलं. तिथल्या सिस्टर दारातच उभ्या होत्या. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "डॉक्टरबाई कुठे आहेत? दुसऱ्यावरून निघाल्यात ना त्या?"

बाबांनी मागे वळून बटणांच्या फळीकडे पाहिलं. आपण कुठे आहोत हेच त्यांना कळलं नसावं. इतकी वर्षं या माणसानं रिकामा मजला कधी चुकवला नव्हता, आणि त्या दिवशी माणूस धावत येत होतं तर मजला चुकला. मला बाहेर ओढून नेलं, आणि मागे मला लिफ्ट खाली जाताना ऐकू आली. ते त्यांना आणायला गेले होते. पण बाईंनी तोवर वाट न बघता जिना धरला होता. दुसऱ्या मजल्यावर बाबांना फक्त चाकाची खुर्ची सापडली.

बाळ झालं ते रडलं नाही. मुलगी होती. सिस्टर तिच्या पाठीवर चोळत होत्या, तोंडात नळी घालत होत्या. मग दार उघडलं. डॉक्टरबाई आल्या, एक हात कमरेवर, दुसरा भिंतीवर, चेहरा लालबुंद. श्वास घ्यायला त्यांना स्वतःलाच जमत नव्हतं. तशाच त्या पोरीवर वाकल्या. किती वेळ गेला मला माहीत नाही. मांजराच्या पिलासारखा एक बारीक आवाज आला आणि मी डोळे मिटून घेतले.

मुलीला काचेच्या पेटीत ठेवलं. उशीच्या अभ्र्यात घातली असती तरी वर जागा उरली असती, एवढी ती होती. नाकात नळी, पायाला वायर, आणि बरगड्या अशा आत ओढल्या जायच्या की माझाच श्वास अडकायचा. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आज आहे, एवढंच मी आज सांगू शकते. उद्याचं उद्या सांगेन."

नवरा ट्रक वाटेत दुसऱ्याच्या हवाली करून आला. पेटीजवळ उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडला. मी रडले नाही. मी बाबांची वाट बघत होते. ते आले नाहीत. खालून डबा पाठवायचे, निरोप पाठवायचे, पण चौथ्या मजल्यावर लिफ्ट घेऊन आले तरी लिफ्टबाहेर पाऊल टाकायचे नाहीत. नवरा म्हणाला, "राहू दे त्यांना. मनाला लागलंय त्यांच्या."

मग धुलाईखान्यातल्या दोघी मला भेटायला आल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर एक म्हणाली, "बाकी, तुझे सासरे सुधारले गं. लिफ्ट आता कशी सरळ जाते. कुठे थांबणं नाही, काही नाही. माणूस आत आलं की फटकन बटण दाबतात."

दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं, पण ऐकायचं ते मी ऐकलं होतं. ज्या सवयीवर मी इतकी वर्षं बोटं वाजवली, ती गेली म्हटल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. मला उलट पायाखालची फरशीच सरकल्यासारखं झालं. तेव्हा मला कळलं की इतके दिवस मी चिडत होते ती त्यांच्या भरवशावर. घरात एक माणूस पक्का विश्वास ठेवून बसलेलं होतं, म्हणून मला तणतण करायला मोकळीक होती. आता तेच माणूस खचलं, तर माझ्या पोरीचं कसं होणार?

मला उठून चालायची परवानगी मिळाली त्या दिवशी मी शाल गुंडाळली आणि लिफ्टच्या दाराशी जाऊन उभी राहिले. दार उघडलं. बाबा स्टुलावर होते. मला बघून उठले.

"बस," म्हणाले.

मी बसले. "तळमजल्यावर चला," मी म्हटलं.

लिफ्ट खाली गेली. तिथे कोणी नव्हतं. "आता वर चला," मी म्हटलं.

पहिला मजला गेला. दुसऱ्याचा उजेड काचेत आला आणि सरकून गेला. बाबा समोर पत्र्याकडे बघत होते.

"थांबला नाहीत," मी म्हटलं.

"आता काय थांबायचं," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "इतकी वर्षं थांबलो ती लोकांसाठी. लोकांच्या पोरांसाठी विश्वास ठेवायला काय जातंय? माझ्या घरची पोर आली आणि माझं काळीज गळालं. मी त्याला विसरलो. साफ विसरलो. बाई हात वर करून धावत होत्या म्हणे. जिने चढून आल्या त्या. माझ्यामुळे."

"तुम्ही कधीपासून लिफ्ट झालात?"

"म्हणजे?"

मला राग आला होता. खरा राग. पोर पेटीत झुंजतेय आणि हा माणूस इथे बसून स्वतःला शिक्षा करतोय. "बाबा, आल्या ना त्या? कशानं आल्या?"

"जिन्यानं."

"जिना कोणाचा आहे मग? लिफ्ट तेवढी त्याची आणि जिना दुसऱ्या कोणाचा? तुम्ही नाही थांबलात, तर त्याचं अडलं असं वाटलं तुम्हाला? त्या दिवशी आई वर होत्या तेव्हा बिघडलेली लिफ्ट त्याला चालली. आता दुखरे गुडघे चालले. मला देवाधर्मातलं काही कळत नाही, आणि तुमचं सगळं मला पटतं असंही नाही. पण तुम्हीच आम्हाला सांगत आलात की वर नेणारा तो. मग चुकलात तर सगळं तुमच्या डोक्यावर कसं?"

चौथा मजला आला होता. दार उघडलं. बाबांनी फळीवर हात ठेवला होता, पण बटण दाबलं नाही. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"ती जगेल ना, बाबा?" मी विचारलं. एवढं भांडून झाल्यावर खरा प्रश्न बाहेर आला.

"मला माहीत नाही, पोरी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला कधीच माहीत नव्हतं. तुझ्या सासूच्या वेळीही नव्हतं. ती तर गेलीच की."

मला वाटलं होतं, ते खोटं बोलतील आणि मी चिडेन. पण ते तसं म्हणाले आणि मला कुठेतरी टेकायला मिळालं. इतकी वर्षं मी त्यांच्या त्या वाक्याचा अर्थ 'सगळं ठीक होईल' असा धरत होते, आणि ठीक झालं नाही म्हणून त्यांच्यावर खार खाऊन होते. तसं ते एकदाही म्हणाले नव्हते.

"तुमचं ते वाक्य म्हणा," मी म्हटलं.

"तूच नको म्हणाली होतीस."

"आता हवंय."

त्यांच्या तोंडून ते लगेच निघेना. लिफ्टचं दार मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी मी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर काढलं. वर्षानुवर्षं ज्या लिफ्टमध्ये माणसं नेली ती तशीच रिकामी सोडून ते माझ्याबरोबर काचेच्या पेटीपर्यंत आले. पोर झोपली होती. छाती आत, बाहेर, आत. बाबा वाकले. काचेवर त्यांच्या श्वासाचा ढग आला, तो त्यांनी बाहीनं पुसला.

"बाळा," ते अगदी हळू म्हणाले, "तो आहे ना."

मी बाजूला उभी होते, आणि मला वाटलं, हे मलाही सांगितलंय.

त्या दिवशी काही बदललं असं नाही. उलट दुसऱ्याच दिवशी पोरीला ताप आला आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं. मग उतरला. मग पुन्हा वजन घटलं. असं पुढेमागे होत होत ती एक दिवस नळीशिवाय श्वास घ्यायला लागली. मी जुन्या चादरीची दुपटी शिवायला घेतली. दिवसाला एक शिवायचे, दुसऱ्या दिवसासाठी आधीच शिवून ठेवायचं धाडस होत नव्हतं. बाबांनी ते पाहिलं आणि चादर धरून कापायला मदत करू लागले. त्यांना कातरी धड धरता येत नाही. ती सगळी दुपटी वाकडी आहेत.

पुढे दीड वर्षाची झाली तेव्हा आमच्या लक्षात आलं की तिला उजव्या कानानं ऐकू येत नाही. बाबा तडक डॉक्टरबाईंकडे गेले. मी बरोबर होते. त्यांनी विचारलं, "बाई, मी त्या दिवशी थांबलो असतो तर तिचा कान वाचला असता?"

बाईंनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. "काका, मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "इतक्या लवकर जन्मलेल्या मुलांना असं होतं. वेळेवर पोचले असते तरी झालं असतं. कदाचित नसतंही झालं."

बाबांनी मान हलवली. ते 'कदाचित' त्यांनी घरी आणलं आणि ते अजून त्यांच्याजवळ आहे. आता ते निवृत्त आहेत, लिफ्टही नवी आलीय, तिला माणूस लागत नाही. संध्याकाळी नातीला फिरायला नेतात तेव्हा न चुकता तिच्या डाव्या बाजूनं चालतात, म्हणजे बोललेलं तिला ऐकू येईल. ती त्यांच्याशी अखंड बडबडते, आणि भांडतेही. स्वभाव माझा घेतलाय.

पण मला राहून राहून आठवतो तो तिला घरी न्यायचा दिवस. तळमजल्यावर माझी पिशवी राहिली होती, ती घ्यायला मी पोरीला छातीशी घेऊन खाली गेले होते, आणि चौथ्यावर आलेल्या डॉक्टरबाईंना दाखवायला परत वर निघाले. लिफ्ट भरलेली होती. हाडांचे डॉक्टर होते, जेवणाची गाडी घेऊन एक बाई होती, आणि मी. मला स्टूल मिळालं होतं. पहिला मजला गेला. दुसऱ्याचा दिवा लागलेला नव्हता. बाबांचा हात फळीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत ते दिवा नसताना दुसऱ्यावर एकदाही थांबले नव्हते. पोरीला वाऱ्यात फार वेळ ठेवू नका असं सिस्टरनी बजावलं होतं, आणि ते त्यांनीही ऐकलं होतं.

"थांबा, बाबा," मी म्हटलं. "येत असेल कोणी."

त्यांनी बटण दाबलं. दार उघडलं. बाहेर ओली फरशी, फिनेलचा वास, भिंतीला टेकलेली चाकाची खुर्ची. कॉरिडॉर टोकापर्यंत रिकामा होता. हाडांच्या डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं, मग पोरीकडे. मी शाल तिच्या डोक्यावर ओढून घेतली.

कोणीच आलं नाही. दार स्वतःहून मिटेपर्यंत आम्ही सगळे थांबलो.